पुरे म्हणजे काय?

मराठीत ‘पुरे’ हा शब्द मोठा चमत्कारिक आहे. पंगतीत वाढणारा आग्रह करू लागला की आपण पानावर हात आडवा धरतो आणि म्हणतो, ‘पुरे.’ तेथे त्याचा अर्थ थांबा असा असतो. डब्यातले पीठ गुरुवारपर्यंत पुरेल असे घरातली बाई म्हणते, तेव्हा त्यात भागण्याचा भरवसा असतो. आणि हाती घेतलेले काम पुरे झाले असे म्हणतो, तेव्हा त्यात पूर्णता असते. थांबणे, भागणे आणि पूर्ण होणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आपल्या भाषेने एकाच शब्दात नांदवल्या आहेत. जिथे भागले तिथे पूर्ण झाले, आणि जिथे पूर्ण झाले तिथे माणसाने थांबावे, असे ही भाषा घडवणाऱ्यांना वाटत असावे. पण खरोखरच या तीन गोष्टी एक आहेत काय?

प्रश्न जुना आहे, आणि मोठमोठ्यांनी तो हाताळलेला आहे. माझ्यासारख्या शाळामास्तराने त्यात शिरावे याला तसेच काही निमित्त लागते. ते निमित्त अगदीच क्षुल्लक आहे. अमेरिकेत घराच्या मागच्या अंगणात ठेवतात त्या गॅसच्या ग्रिलचे.

माझा भाचा शिकागोच्या एका उपनगरात राहतो. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुटीत ताईबरोबर मीही त्याच्याकडे पाच आठवडे राहून आलो. तिकडे उन्हाळा आला की स्वयंपाक घराबाहेर येतो. विशेषतः ४ जुलैला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, संध्याकाळी कोणत्याही गल्लीतून चालावे, प्रत्येक कुंपणापलीकडून धूर आणि भाजलेल्या मांसाचा वास येत असतो. आपल्याकडे कोजागरीला जसे गच्चीवर दूध आटते, तसेच काहीसे. फरक इतकाच की तेथे हे काम बहुधा पुरुष करतात, आणि करताना फार गंभीर असतात.

या ग्रिलला इतिहास आहे. १९५२ साली शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात जॉर्ज स्टीफन नावाचे गृहस्थ काम करीत. तेथे समुद्रावर तरंगणारे धातूचे बोये तयार होत. उघड्या भट्टीवर भाजताना वारा आणि राख यांनी ते वैतागले होते. त्यांनी एका बोयाचे दोन भाग केले, खालच्या भागात कोळसा ठेवला, वरच्या भागाचे झाकण केले, आणि हवेसाठी भोके पाडली. झाकणामुळे उष्णता आत कोंडली जाऊन फिरू लागली आणि भाजणे हे भट्टीसारखे सर्व बाजूंनी होऊ लागले. पुढे १९६० नंतरच्या काळात कोळशाच्या जागी गॅस आला. कोळशावर चरबी पडून जो धूर होतो आणि पदार्थाला जी चव देतो, ती गॅसवर कशी आणायची हा प्रश्न होता. आधी त्यासाठी ज्योतींवर ज्वालामुखीचे सच्छिद्र दगड पसरत. १९८५ साली वेबरनेच बाजारात आणलेल्या ‘जेनेसिस’ या ग्रिलमध्ये दगडांच्या जागी कौलासारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या बसवल्या गेल्या. पदार्थातून गळणारी चरबी त्या तापलेल्या पट्ट्यांवर पडते, तिची वाफ आणि धूर होतो, आणि तो पुन्हा पदार्थाला लागतो. मला ही युक्ती फार आवडली. जे गळून वाया जायचे तेच चव होऊन परत येते!

भाच्याच्या ग्रिलला तीन ज्योती होत्या, नऊ किलोंचे प्रोपेनचे सिलिंडर होते, आणि वर बिडाची भक्कम जाळी होती. त्या जाळीच्या मधोमध फूटभर व्यासाची एक वाटोळी चकती होती, आणि ती उचलून बाजूला काढता येत असे. ती काढली की जाळीत वाटोळे भगदाड पडे. त्या भगदाडात बसतील अशा वस्तू बाजारात मिळतात. मांस चटकन डागण्यासाठी दाट जाळी, भाज्या परतायला चिनी धाटणीची कढई, पिझ्झ्यासाठी दगडी तबकडी. शिवाय अर्धी जाळी झाकणारा सपाट तवा, अख्खी कोंबडी फिरवणारा विजेचा गज, लाकडाच्या ढलप्या जाळून धुरी देणारी डबी. भाच्याने यांतल्या पाच वस्तू घेतल्या होत्या, सहावी टपालाने यायची होती. गॅरेजमधल्या फळीवर त्या ओळीने मांडून ठेवलेल्या असत. तो मला म्हणाला, “मामा, याची गंमतच ती आहे. एकदा मूळ यंत्र घेतलं की मग हळूहळू वाढवत न्यायचं.”

मी त्या भगदाडाकडे पाहत राहिलो. आजवर मी पाहिलेली हत्यारे तयार होऊन विकली जात. कोयता घेतला की कोयता मिळे. इथे मात्र कारागिराने वस्तूच्या मध्यभागी मुद्दाम एक रिकामी जागा घडवली होती, आणि तीही वस्तूच्या किमतीत विकली होती. ती जागा रोज मालकाला विचारते, ‘मग? आता काय आणणार?’ आपण ‘पुरे’ म्हणू नये, अशीच तिची घडण आहे.

येथपर्यंत आल्यावर पाश्चात्त्यांच्या भोगवादावर चार कोरडे ओढून मोकळे होणे मराठी लेखकाला सोपे असते. टाळ्याही मिळतात. पण घरात नीट पाहिले तर तसे करायला जीभ धजत नाही. याच दिवाळीत आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी सोऱ्या निघाला असेल. आमच्या आजीचा सोऱ्या पितळी होता, आणि त्याच्या चकत्या एका सुतळीत ओवून खुंटीला टांगलेल्या असत. चांदणीच्या आकाराच्या भोकाची चकलीची, बारीक भोकांची शेवेची, रुंद भोकांची गाठ्यांची, चपट्या फटीची पापडीची. एकच नळकांडे, एकच दट्ट्या, आणि चकती बदलली की पदार्थ बदलला. हे भाच्याच्या ग्रिलहून निराळे कसे? आणि चूल तरी काय होती? विस्तव एक आणि त्यावर चढणारी भांडी अनेक. तवा उतरला की कढई, कढई उतरली की हंडा. चुलीच्या बगलेला वैल असे, आणि मुख्य आगीतून वाया जाणाऱ्या आचेवर आमटी ऊन राही. पोलादी पट्ट्यांवरच्या चरबीची युक्ती आणि वैलाची युक्ती या सख्ख्या बहिणी आहेत. तेव्हा एका मूळ साधनाला अनेक जोड असणे यात पाप नाही. उलट त्यात काटकसर आहे. एका विस्तवावर दहा कामे होतात.

मग पाप, किंवा निदान धोका, कुठे आहे?

यंत्राचे भाग अदलाबदल करता येणे या कल्पनेचाच इतिहास थोडा पाहू. १७८५ साली थॉमस जेफर्सन हे अमेरिकेचे वकील म्हणून पॅरिसला होते. तेथे ऑनोरे ब्लांक या बंदूक बनवणाऱ्याने त्यांना बंदुकीच्या चापांचे सुटे भाग दाखवले. जेफर्सन यांनी ढिगातून हाताला येतील ते भाग उचलले आणि स्वतःच्या हातांनी चाप जोडले, ते चपखल बसले. तोवर प्रत्येक बंदूक ही एकटी होती. तिचा एक तुकडा मोडला की त्याच मापाचा तुकडा कारागिराने कानस घेऊन पुन्हा घडवावा लागे. ब्लांकच्या पद्धतीत मोडलेल्या भागाच्या जागी दुसरा भाग ताबडतोब बसणार होता. अदलाबदलीच्या भागांचे मोठे आश्वासन हेच होते: तुकडा मेला तरी वस्तू जगेल. आता याच कल्पनेची पुढची एक पायरी पाहा. १९०३ साली किंग जिलेट यांचा वस्तरा विक्रीस आला. त्यात मूठ कायम आणि पाते टाकून द्यायचे. येथे भाग बदलता येतो एवढेच राहिले नाही, तो बदलत राहावा लागतो, आणि विकणाऱ्याचा व्यवहार त्या बदलत राहण्यावरच उभा असतो. ग्रिलच्या भगदाडाने आणखी पुढची पायरी गाठली. येथे काहीच झिजलेले नाही, काहीच मोडलेले नाही. भाग येतो तो हौशीसाठी.

म्हणजे जोडभाग तीन प्रकारचे झाले. एक वस्तूला जगवणारा, दुसरा वस्तूला चालू ठेवणारा, तिसरा वस्तूला वाढवणारा. गंमत अशी की तिन्ही एकाच दुकानात एकाच फळीवर असतात.

भाच्याच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहत. त्यांचेही ग्रिल गॅसचेच, पण वीस वर्षांपूर्वीचे. त्याला भगदाड नव्हते. त्यांनी मला मोठ्या अभिमानाने सांगितले की ज्योतींच्या नळ्या दोनदा बदलल्या, आतल्या पोलादी पट्ट्या तीनदा, जाळी एकदा, पेटवायची कळही एकदा. आता मूळचे काय राहिले आहे? झाकण आणि सांगाडा. तरी ते म्हणत, ‘हे माझे जुने ग्रिल.’ मला मिलिंद राजा आणि नागसेन भिक्षू यांचा संवाद आठवला. नागसेनाने राजाला विचारले होते की तू रथातून आलास, तर रथ कोणता? दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? चाके? यांपैकी एकही रथ नव्हे, आणि यांना वगळूनही रथ नव्हे. सर्वांच्या जुळणीला व्यवहारात आपण रथ म्हणतो. शेजाऱ्यांच्या ग्रिलमध्येही बहुतेक सगळे बदलले होते. कायम राहिली होती ती वीस वर्षांची सवय: शनिवारची संध्याकाळ, मक्याची कणसे, आणि आता आपापल्या गावी गेलेली मुले. ते तुकडे बदलत होते ते ही सवय मोडू नये म्हणून. भाचा तुकडे बदलत होता तो कोणतीच सवय जडू नये म्हणून, असे मला एकदा वाटून गेले. पण ते वाटणे मी तिथेच थांबवले. तरुण माणसाची हौस आणि म्हाताऱ्याची सवय यांत हौसेलाच दर वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे न्यायाचे नाही.

हौसेचा स्वभाव मात्र ओळखून असावे. दिदेरो या फ्रेंच लेखकाने १७६९ साली आपल्या जुन्या झग्यावर एक निबंध लिहिला. त्याला कुणी नवा लालभडक झगा भेट दिला. झगा अंगावर चढला आणि खोलीतली गवताची खुर्ची दरिद्री दिसू लागली. तिच्या जागी कातड्याची खुर्ची आली. मग मेज, मग भिंतीवरची चित्रे, एकामागून एक सगळे बदलले. जुन्या झग्याचा मी धनी होतो, नव्याचा मी गुलाम झालो, असा त्याच्या विलापाचा मथितार्थ आहे. १९८८ साली ग्रँट मॅक्रॅकेन या मानववंशशास्त्रज्ञाने या प्रकाराला दिदेरोचेच नाव दिले. आपल्याला यासाठी पॅरिसला जायचे कारण नाही. ययातीची कथा आपल्या घरची आहे. पुरूचे तारुण्य मागून घेऊन हजार वर्षे भोग घेतल्यावर त्याला कळले की तुपाने आग विझत नाही, भडकते. लक्षात घ्या, महाभारतानेही दृष्टान्त आगीचाच घेतला. आग ही एकच वस्तू अशी आहे की जिला दिले तितके थोडे. पोटाला तृप्ती आहे, झोपेला जाग आहे, आगीला ‘पुरे’ हा शब्द ठाऊक नाही. तो तिच्या वतीने माणसाने उच्चारावा लागतो.

पण कोणत्या माणसाने? येथे प्रश्न खरा अवघड होतो.

एका रविवारी भाच्याकडे काही मराठी मंडळी जेवायला आली होती. त्यांतल्या एका गृहस्थांना ग्रिलचा तो सरंजाम पाहून गावाकडची आठवण आली. ते म्हणाले, “काय ती चुलीवरची चव! तीन दगड मांडले की झालं. माणसाला लागतं किती थोडं!” ताई तेव्हा पदर खोचून वांग्यांना तेलाचा हात लावीत होती. ती मान वर न करता म्हणाली, “तुम्हांला थोडं लागायचं, भावोजी. फुंकणी कुणाच्या हातात होती?”

कुणी काही बोलले नाही. ताईचे डोळे लहानपणापासून धुराने चुरचुरत आलेले मी पाहिले आहेत. आमची आई तर पावसाळ्यात ओल्या लाकडांपुढे बसली की तासभर खोकत असे. जुन्या साधेपणाची स्तुती करणारे बहुतेक लोक त्या साधेपणाच्या जेवणाऱ्या बाजूला बसलेले असतात, फुंकणाऱ्या नव्हे. १ मे २०१६ रोजी बलियाला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गरीब घरांतल्या बायकांच्या नावाने गॅसच्या जोडण्या दिल्या जाऊ लागल्या. त्या बाईच्या दृष्टीने १४.२ किलोंचे सिलिंडर ही चैन आहे काय? आणि सिलिंडर भरून आणायला पैसे नाहीत म्हणून ती पुन्हा चुलीकडे वळते, तेव्हा तिला ‘थोडक्यात भागवावे’ असे सांगण्याचा अधिकार कुणाला आहे? दुसऱ्याच्या वतीने म्हटलेले ‘पुरे’ हे पंगतीत शेजाऱ्याच्या पानावर आपला हात आडवा धरण्यासारखे आहे. तो उपाशी राहतो आणि विरक्तीचे पुण्य आपल्याला लागते!

तेव्हा ‘पुरे’ हा शब्द ज्याचा त्यानेच उच्चारायचा आहे. उपदेशकाला तो दुसऱ्याच्या तोंडात घालता येत नाही. आणि त्याच न्यायाने, ‘अजून हवे’ हा शब्दही विकणाऱ्याला दुसऱ्याच्या तोंडात घालण्याचा अधिकार नाही. जाळीतल्या भगदाडाविषयी माझी तक्रार एवढीच आहे, आणि मला ती लहान वाटत नाही. गुन्हा जास्त वस्तू विकण्याचा नाही. माणसाच्या आतला जो आवाज ‘हवे’ आणि ‘पुरे’ म्हणतो, त्याच्या जागी बसून बोलण्याचा आहे.

मग आपला आवाज कोणता आणि भगदाडाचा कोणता हे ओळखावे कसे? प्रथम मला एक सोपी कसोटी सुचली. आजीच्या सोऱ्याची प्रत्येक चकती एखाद्या ठरलेल्या पदार्थासाठी आणि ठरलेल्या दिवसासाठी आलेली होती. घरात शेव व्हायची होती म्हणून शेवेची चकती आली. आधी पदार्थ, मग चकती. भाच्याच्या फळीवर उलटा क्रम होता. कढई येई, आणि मग आता हिच्यात काय करावे याचा शोध सुरू होई. आधी चकती, मग पदार्थ. तेव्हा भुकेमागून येणारे साधन खरे आणि भुकेपुढे धावणारे खोटे, असे म्हणून टाकावे का?

पण ही कसोटी टिकत नाही. आमच्या शाळेत एका वर्षी कुणीतरी जुनी पेटी देणगी दिली. गाणे शिकवणारे कोणी नव्हते, कुणाला गाण्याची भूकही नव्हती. दोन वर्षे ती कपाटावर पडून होती. मग पाचवीतल्या एका मुलीने मधल्या सुटीत तिचे सूर चाचपायला सुरुवात केली, आणि आज ती मुलगी गाण्याच्या शिकवण्या करून पोट भरते. तिथे चकती आधी आली, पदार्थ मागून. साधन पाहूनच जी भूक जागी होते ती सगळीच खोटी म्हटली, तर माणसाचे अर्धे शहाणपण खोटे ठरेल. लेखणी हाती आल्याशिवाय मला तरी काय लिहायचे आहे हे कुठे ठाऊक होते?

पेटी आणि कढई यांत फरक आहे तो त्यानंतरच्या काळात. ती मुलगी पेटीपाशी राहिली. भाचा कढईपाशी राहिला नाही, कारण तोवर दगडी तबकडी आली होती.

वांगी भाजून झाल्यावर ताईने त्याच दिवशी भाकरी करायची ठरवली. भाचेसुनेचा रोजचा तवा तिने जाळीवर ठेवला, झाकण उघडेच ठेवले. तव्यावर भाकरीचे पाणी वाळले, एक अंग भाजले, की ती उलटून शेजारच्या उघड्या जाळीवर टाकी. खालून ज्योतीची धग लागे आणि भाकरी टम्म फुगे. अशा दहा-बारा भाकऱ्या झाल्या. मधेच ती भाच्याला म्हणाली, “तुझ्या शेगडीचा मागचा डावा कोपरा जास्त तापतो रे. तिथं टाकली की करपते. पुढे उजवीकडे बरोबर फुगते.” भाचा चकित झाला. तीन उन्हाळे ते यंत्र त्याच्याकडे होते, पाच जोड त्याने बदलून पाहिले होते, आणि हे त्याला माहीत नव्हते. ताईला बारा भाकऱ्यांत कळले. तो तिच्याशेजारी उभा राहून पुढच्या दोन भाकऱ्या कशा फुगतात ते पाहत राहिला. सहाव्या वस्तूचे खोके आदल्या दिवशीच आले होते, ते त्या आठवड्यात त्याने उघडले नाही. त्याने ते परत पाठवले की पुढे उघडले, मला ठाऊक नाही, आणि ते महत्त्वाचेही नाही.

महत्त्वाचे मला वाटते ते असे. आपण ‘पुरे’ हे माप समजतो: इतके शेर, इतके नग, इतके रुपये. म्हणून कुणी ते कमी ठरवतो, कुणी जास्त, आणि वाद मिटत नाही. पण ‘पुरे’ हे माप नसून ओळख आहे. ज्या वस्तूचा डावा कोपरा आपल्याला ठाऊक झाला, ती वस्तू पुरू लागते. ज्याची ओळखच झाली नाही ते कितीही असले तरी पुरत नाही, कारण पुरायला तिथे अजून काही सुरूच झालेले नसते. आजीचा सोऱ्या पुरा पडला तो त्याला चारच चकत्या होत्या म्हणून नव्हे. कोणत्या पिठाला किती मोहन घातले असता कोणत्या चकतीतून तुकडा न पडता धार येते, हे तिच्या मनगटाला कळले होते म्हणून. तिला पाचवी चकती कुणी दिली असती तर तिने ती घेतली असती, आनंदाने घेतली असती. आणि मनगट तिलाही ओळखू लागेपर्यंत सहावी मागितली नसती.

भोगवाद्यांना आपण सांगतो की कमी घ्या. ते ऐकत नाहीत, आणि त्यांनी का ऐकावे हे आपल्यालाही नीट सांगता येत नाही. त्यापेक्षा ‘जे घेतले आहे त्याच्यापाशी थोडे थांबा’ हे सांगणे अधिक खरे, आणि कदाचित अधिक कठीणही आहे. कारण थांबायला वेळ लागतो, आणि वेळ कोणत्याही फळीवर मिळत नाही. ज्यांच्या हाती अजून पहिलेच साधन पोचलेले नाही, त्यांना हे सांगायचे नाही. त्यांना आधी साधन द्यायचे आहे. हा क्रम चुकला की तत्त्वज्ञानाचे ढोंग होते.

थांबणे, भागणे आणि पूर्ण होणे यांना एकाच शब्दात ठेवणारी आपली भाषा मग चुकली नव्हती. मी त्या तिघांचा क्रम मात्र आता थोडा निराळा लावतो. भागले म्हणून पूर्ण झाले आणि पूर्ण झाले म्हणून थांबलो, असे घडत नाही. माणूस एखाद्या गोष्टीपाशी आधी थांबतो. मग ती पूर्ण दिसू लागते. आणि मग कधीतरी ती भागवते. पानावर आडवा धरलेला हात नुसता नकार देत नाही. पानात जे वाढलेले आहे त्याला आता जेवू द्या, असेही तो म्हणत असतो.